मानसशास्त्राच्या पदवीचा बाजार

मन दुखते ते सुखवस्तूंचेच, कष्टकऱ्याला तेवढी उसंत कोठून, अशी सोयीस्कर समजूत आपल्याकडे दीर्घकाळ नांदली. ती आता ओसरत आहे. सोलापूरच्या विडी कामगारांच्या वस्त्यांतील मुलींनाही मानसशास्त्र शिकावेसे वाटू लागले असेल, तर ती आनंदाची गोष्ट आहे. मात्र या ओढीचा पहिला लाभ उठवीत आहेत ती शहरोशहरी निघालेली छोटी खासगी विद्यापीठे.

तीन वर्षांची पदवी घेतली की समुपदेशक होता येते, असा या विद्यापीठांच्या माहितीपत्रकांचा एकंदर सूर असतो. कायदा काय सांगतो? 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानुसार चिकित्सा-मानसशास्त्रज्ञ म्हणवून घेण्यास नुसती पदवी पुरत नाही. पदव्युत्तर शिक्षणानंतर रुग्णांसमवेत, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली दोन वर्षांचे पूर्णवेळ प्रशिक्षण हा त्याचा रूढ मार्ग. म्हणजे तीन, दोन आणि दोन अशी सात वर्षे झाली. हजार विड्यांमागे मजुरी मोजणाऱ्या घराने कर्ज काढून लाखांचे शुल्क भरावे, आणि हाती यावी ती केवळ पहिली पायरी! हा हिशेब प्रवेशाच्या दिवशी सांगणे कोणाच्याही फायद्याचे नसते.

दुसरी वाट दूरशिक्षणाची होती. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2025 च्या जुलै-ऑगस्ट सत्रापासून मानसशास्त्राचे दूरस्थ व ऑनलाइन अभ्यासक्रम बंद केले. कारण अगदीच पोकळ नाही. रुग्णाशी बोलण्याची विद्या टपालाने येत नाही. पण एक दार लावताना दुसरे उघडण्याची जबाबदारी शासनाची होती. मुलींच्या शुल्कमाफीच्या राज्य शासनाच्या 2024 च्या निर्णयातून स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठे वगळलेली आहेत. 2005 च्या 93 व्या घटनादुरुस्तीने खासगी संस्थांतही राखीव जागांचा कायदा करण्याचा अधिकार दिला, सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये तो वैध ठरविला. संसदेने मात्र तसा कायदा केलेला नाही.

गरज किती आहे? 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने देशातील सुमारे 15 कोटी लोकांना उपचारांची आवश्यकता असल्याचे म्हटले. (ज्या 12 राज्यांत ते झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता!) गिरण्या बंद पडल्यावर सोलापुरातील घराघरांत व्यसनाने आणि निराशेने काय केले, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. त्या माणसांशी मराठीत, तेलुगूत, कन्नडमध्ये बोलू शकणारा मानसशास्त्रज्ञ याच वस्त्यांतून यायला हवा.

सोलापूर विद्यापीठ 2004 मध्ये स्थापन झाले ते कोल्हापूरची फरफट थांबावी म्हणून. शहरात 1963 पासूनचे वैशंपायन स्मृती शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्याला जोडलेले सार्वजनिक रुग्णालय आहे. या दोघांनी मिळून पदवीपासून प्रशिक्षणापर्यंतची सलग सोय, सरकारी शुल्कात आणि राखीव जागांसह, उभी केली पाहिजे. प्रशिक्षणाच्या दोन वर्षांत विद्यावेतनही मिळाले पाहिजे. नाहीतर गरीब घरची मुलगी पाचव्या वर्षीच गळते. विद्यापीठाच्या अधिसभेवर नोंदणीकृत पदवीधरांचे निवडून आलेले सदस्य असतात. जिल्ह्यातील कार्यकर्त्यांनी पुढील अर्थसंकल्पापूर्वी ही मागणी त्यांच्याकडे लेखी द्यावी.