फुगणारा खडक आणि आक्रसणारे अंदाजपत्रक

काळ्या रानात घर बांधणाऱ्या शेतकऱ्याला भूगर्भशास्त्र शिकवावे लागत नाही. पावसाळ्यात जमीन फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि भिंतीला तडे जातात, हे तो पिढ्यान्‌पिढ्या पाहत आला आहे. त्या मातीतील मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज ज्या खडकात असते, तो खडक बोगदा खणताना तसाच वागतो. खोदाईने त्यावरील दाब हटतो, खनिजाच्या पापुद्र्यांत पाणी शिरते आणि बोगद्याचा तळ वर उचलला जातो. सह्याद्रीत लाव्हाच्या थरांमधील तांबडे मातकट पट्टेही भिजले की ढासळतात.

तेव्हा असा खडक लागला की ‘निसर्गाचा अकल्पित कोप’ म्हणून हात झटकण्याची रीत मान्य करता येणार नाही. छिद्र घेऊन काढलेला नमुना प्रयोगशाळेत भिजवला, की तो किती फुगतो आणि किती दाब देतो हे मोजता येते. नमुन्यावरून सारा डोंगर कळत नाही, हे खरे. पण उपाय ठाऊक आहेत. उघडा पडलेला खडक त्वरित काँक्रीटच्या फवाऱ्याने झाकावा, पाणी बाहेर काढावे, तळाशी उलटी कमान घालून अस्तराचे कडे पुरे करावे. यमुना जलविद्युत योजनेच्या छिब्रो-खोदरी बोगद्यात चिरडलेला तांबडा शेल आत सरकू लागला (तेथे डोंगराचा भारही होता), तेव्हा त्या पट्ट्यात ७.५ मीटर व्यासाच्या एका बोगद्याऐवजी ५ मीटरचे तीन नेण्यात आले. काम सरकारी खात्याचे होते, म्हणून हा फेरबदल शक्य झाला, असे माझे मत आहे.

सर्वांत कमी निविदा, एकरकमी कंत्राट आणि तारखेचा धाक असला, की भूस्तराची जोखीम कंत्राटदाराकडून उपकंत्राटदाराकडे आणि अखेर परप्रांतीय मजुराकडे सरकते. तळाची कमान मागे पडते, कारण तळ सावकाश उचलतो. स्वित्झर्लंडमधील बेल्खेन बोगदा १९७० साली खुला झाला. खडक फुगतच राहिला, आणि जुन्या नळ्यांच्या दुरुस्तीसाठी तिसरी नळी खणावी लागली. ती २०२२ साली सुरू झाली. कंत्राटदाराच्या ताळेबंदात असा खर्च कधीच दिसत नाही.

सिलक्यारा येथे नोव्हेंबर २०२३ मध्ये ४१ मजूर १७ दिवस अडकले. तेथील कारण निराळे होते, पण डोंगराविषयीचे कागद मजुरांच्या हाती नसतात, ही स्थिती सर्वत्र सारखीच आहे. नमुन्यांचे अहवाल आणि तळ किती उचलला याची रोजची नोंद बोगद्याच्या तोंडाशी मजुरांच्या भाषेत लावली जावी, आणि ठरलेली मर्यादा ओलांडताच काम थांबवण्याचा अधिकार त्यांच्या प्रतिनिधीला असावा, ही मागणी आपल्या कामगार संघटनांनी पुढील करारात घातली पाहिजे.