देणाऱ्याचं नाव

महाराष्ट्रातल्या नोकरदाराच्या पगारपत्रकात, कपातींच्या रकान्यात, एक ओळ गेली 50 वर्षं ठाण मांडून आहे. भविष्य निर्वाह निधी आणि आयकर यांच्या खाली कुठेतरी ‘पी. टी.’ असं लिहिलेलं असतं आणि समोर 200 चा आकडा. फेब्रुवारीत तो 300 होतो, वर्षाचे 2,500 भरतात. हा व्यवसाय कर कशासाठी कापला जातो हे बहुतेकांना सांगता येणार नाही, आणि त्यात त्यांचा दोष नाही. सांगणाऱ्यांनीच सांगणं सोडून दिलं. 1975 साली कर बसवला तेव्हा मात्र कारण उघड होतं. शहरातल्या पगारदारांकडून, व्यापाऱ्यांकडून, वकील-डॉक्टरांकडून पैसा घ्यायचा आणि खेड्यात ज्याच्या हाताला काम नाही त्याला काम द्यायचं. सणाच्या अंकाची सुरुवात कराने करणं काहींना अवलक्षण वाटेल. पण श्रीमंतांकडून घ्यावं की नाही आणि गरिबांना द्यावं की नाही यावर गेली काही वर्षं आपल्याकडे जी हमरीतुमरी चालली आहे, ती ऐकताना या विस्मरणात गेलेल्या ओळीकडे पुन्हा पाहायला हवं असं वाटतं.

या कराचं मूळ दुष्काळात आहे. 1965 साली विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी तासगाव तालुक्यात, विसापूरला, मागेल त्याला काम देण्याचा छोटा प्रयोग केला. 1972 च्या दुष्काळात ती कल्पना छोटी राहिली नाही. 1973 च्या उन्हाळ्यात राज्यभरच्या दुष्काळी कामांवर सुमारे 50 लाख माणसं होती. खडी फोडत होती, पाझर तलावांची माती वाहत होती. दुष्काळ ओसरला तेव्हा प्रश्न उरला पैशाचा. वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी पुण्यात बसून 1971 सालीच सांगून ठेवलं होतं, की वाढीचा लाभ आपोआप तळापर्यंत पोचेल म्हणून वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. गरिबाला सार्वजनिक कामांतून रोजगार द्यावा लागेल आणि त्याचा भार वरच्या थरांना सोसावा लागेल. सरकारने त्यांचा हिशेब जसाच्या तसा उचलला असं नव्हे, पण दिशा तीच धरली. व्यवसाय कर आला, त्याच्या जोडीला बागायती जमिनीवर विशेष आकारणी आली, मोटारींवर आणि विक्रीकरावर जादा भार आला, आणि या सगळ्यातून जेवढं जमेल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालावी असं ठरलं. 1977 मध्ये रोजगार हमीचा कायदा दोन्ही सभागृहांत एकमताने झाला. कर बसला तो काँग्रेस राजवटीत. कायदा अंमलात आला 26 जानेवारी 1979 रोजी, तेव्हा पुलोदचं, म्हणजे पुरोगामी लोकशाही दलाचं, सरकार होतं.  विरोधकांची सत्ता आली तरी कर हटला नाही. तो कशासाठी आहे हे ठाऊक असल्यामुळे त्याला हात लावणं अवघड होतं.

कर आणि काम यांच्या या जोडणीने काय साधलं? सरकारी उत्तरांतलं सगळ्यात हमखास उत्तर म्हणजे ‘निधी उपलब्ध नाही’. नमुना 4 भरून काम मागायला आलेल्या बाईला तहसीलदार ते उत्तर कायद्याने देऊ शकत नव्हता. पंधरा दिवसांत काम, नाहीतर रोजचा निदान एक रुपया भत्ता. तो रुपया क्वचितच कुणाच्या हाती पडला हे खरं. पण मोर्चा काढायला त्याचा आधार पुरला. संघटनांनी मस्टर तपासली, मुकादमांना जाब विचारला, कामं काढायला लावली. दुष्काळी काम ही सरकारची मेहेरबानी होती. इथे हक्क झाला, कारण त्याच्यामागे नाव घेऊन सांगता येईल असा पैसा होता. पुढे 2005 मध्ये दिल्लीने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता. त्या कायद्याने हक्क घेतला, बांधून दिलेला कर घेतला नाही. आजच्या वादाची अडचण नेमकी तिथेच आहे.

आजचा वाद पाहा. जुलै 2022 मध्ये पंतप्रधानांनी ‘रेवडी संस्कृती’वर टीका केली. दोन वर्षांनी त्यांचाच पक्ष सामील असलेल्या महायुती सरकारने महाराष्ट्रात लाडकी बहीण योजना आणली, महिना 1,500 रुपयांची, आणि निवडणुकीत 2,100 चं आश्वासन दिलं. महाविकास आघाडीने आधी हे मतांसाठीचं वाटप असल्याचं म्हटलं आणि मग महालक्ष्मी नावाने 3,000 जाहीर केले. लिलावात बोली चढावी तसा हा आकडा चढला. पैसे आणणार कुठून, हे मात्र कुणी कुणाला विचारलं नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये लोकसभेच्या प्रचारात सॅम पित्रोदांनी अमेरिकेतल्या वारसा कराचा नुसता उल्लेख केला, तेव्हा काँग्रेसने हात झटकले आणि भाजपने मंगळसूत्रापर्यंत मजल मारली. म्हणजे देण्याबद्दल दोघांचं एकमत आणि घेण्याविरुद्धही एकमत. भांडण फक्त श्रेयाचं. या एकमताचा हिशेब राज्याच्या अर्थसंकल्पात दिसतो. 2025-26 साठी लाडक्या बहिणीला 36,000 कोटी, महसुली तूट सुमारे 45,900 कोटी, कर्ज 9 लाख 32 हजार कोटींच्या घरात. मे 2025 मध्ये तर सामाजिक न्याय विभागाचे 410 कोटी आणि आदिवासी विकास विभागाचे 335 कोटी या योजनेकडे वळवले गेले, आणि खुद्द सामाजिक न्याय मंत्र्यांनीच जाहीर नाराजी व्यक्त केली. श्रीमंतांकडून घ्यायचं नाही आणि गरिबांना द्यायचं असं ठरलं की एका गरिबाचं काढून दुसऱ्याला द्यावं लागतं. ही टीका योजनेवर नाही. जिच्या हाती महिन्याला स्वतःचा असा पैसा कधीच नव्हता, तिला 1,500 रुपये काय वाटतात हे कळायला अर्थशास्त्र लागत नाही. टीका आहे ती या पैशाला बाप नसण्यावर. ज्या हक्कामागे कर नाही, तो निवडणुकीनंतर छाननीच्या एका फेऱ्यात आक्रसतो, आणि तो आक्रसतानाही आपण पाहिलाच.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: श्रीमंतांवर कर लावून आपण पाहिलं, हाती काही लागलं नाही. आक्षेप दुबळा नाही. 1953 साली अर्थमंत्री चिंतामणराव देशमुखांच्या काळात मृत्यूनंतरच्या इस्टेटीवर कर आला, 1957 मध्ये संपत्ती कर आला, आणि 1973-74 मध्ये आयकराचा वरचा दर अधिभारासह 97.75 टक्क्यांवर पोचला. शंभरातले दोन-सव्वादोन रुपये हाती राहणार असतील तर माणूस उत्पन्न दाखवणार नाही, आणि दाखवलं नाहीच. इस्टेट कर 1985 साली गेला तेव्हा त्याचं वार्षिक उत्पन्न अवघं 20 कोटींच्या आसपास होतं. संपत्ती कर 2015 साली गेला तेव्हा हजार कोटींच्या. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? ते कर फसले ते दर अचाट, सवलती आणि पळवाटा भरमसाट आणि संपत्तीची नोंद बेभरवशाची म्हणून. आज डिमॅट खातं, पॅन, सदनिकेची ऑनलाइन नोंदणी हे सगळं यंत्रणेच्या डोळ्यांसमोर आहे. गरिबाच्या 1,500 रुपयांची पात्रता आधारवरून तपासता येते, तर दहा कोटींच्या मालमत्तेचा माग काढता येत नाही हे पटण्यासारखं नाही. थॉमस पिकेटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या 2024 मधल्या अंदाजानुसार देशातल्या वरच्या एक टक्क्याकडे संपत्तीचा 40 टक्के वाटा आहे. हा आकडा थोडा इकडेतिकडे झाला तरी चित्र बदलत नाही.

दुसरा आक्षेप जास्त लोकप्रिय आहे: कर आम्ही भरतो, फुकट ते खातात. ‘आम्ही’ म्हणजे आयकर भरणारा मध्यमवर्ग. त्याची चीड समजते. पगारातून कर आधीच कापला जातो, लपवायला जागा नसते. पण साबण, रॉकेल, चप्पल, मोबाइलचा रिचार्ज, प्रत्येकावर शेतमजूरही कर भरतोच, आणि त्याच्या मिळकतीच्या मानाने तो जड असतो. शिवाय मध्यमवर्गाने राग धरायचा तर योग्य ठिकाणी धरावा. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनी कराचा मूळ दर 30 वरून 22 टक्क्यांवर आला, त्यात वर्षाचे 1 लाख 45 हजार कोटी सोडले असं सरकारनेच सांगितलं. त्याला कुणी रेवडी म्हटलं नाही. त्यातून गुंतवणूक वाढेल हा युक्तिवाद होता, आणि तो तपासण्याजोगा आहे. पण मग गरिबाच्या हातातल्या पैशाने गावचा बाजार हलतो हा युक्तिवादही तितक्याच गांभीर्याने तपासायला हवा.

तिसरा आक्षेप अर्थखात्यातल्या जाणत्यांचा, आणि खरा अवघड. ते म्हणतात, एका कामाला एक कर बांधणं ही वाईट जमाखर्चाची रीत आहे. काम संपतं, कर उरतो. व्यवसाय कराचं तेच झालं. जमलेला पैसा आणि योजनेवरचा खर्च यांचा मेळ वर्षानुवर्षं बसला नाही. 1990 नंतर रोजगार हमी योजनेच्या पैशातून फळबागा उभ्या राहिल्या. डाळिंब, आंबा, बोर बहरले, पण लाभ जमीनवाल्याचा झाला आणि भूमिहीन मजूर खड्डे खणण्यापुरता उरला. योजनेतून होणारे रस्ते-तलाव मुळात कुणाच्या शेताला पाणी पाजतात हा प्रश्न अभ्यासकांनी 1983 मध्येच विचारला होता. आणि कर तरी श्रीमंतांवरचा राहिला का? घटनेच्या 276 व्या कलमाने वर्षाला 2,500 ची कमाल मर्यादा घातली ती 1988 साली. त्या वेळी महिना 10,000 मिळवणारा साहेब होता. आज तेवढ्या पगाराच्या वर गेलेला सोसायटीचा रखवालदार वर्षाला जो व्यवसाय कर भरतो, तोच त्या इमारतीतल्या सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणारा कंपनीचा संचालक भरतो. 14 व्या वित्त आयोगाने ही मर्यादा 12,000 करा म्हटलं, 15 व्याने 18,000. दुरुस्ती कुणीच आणली नाही. जाणत्यांचा आक्षेप म्हणूनच मान्य करून पुढे जायला हवं: कर बांधायचा तर त्याचा जमाखर्च दरवर्षी सभागृहात वेगळा मांडला पाहिजे, आणि त्याची मुदत कायद्यातच लिहिली पाहिजे. जोडणी चुकीची नव्हती. तिच्यावरची नजर हटली.

मर्यादा उठवणं संसदेच्या हाती आहे. पण मुंबईत बसूनही करण्यासारखं बरंच आहे. मुद्रांक शुल्क राज्याचं आहे, जमीन-इमारतींवरचा कर राज्याचा आहे, शेतीच्या उत्पन्नावर कर लावण्याचा अधिकारही घटनेने राज्यालाच दिला आहे, आणि शेकडो एकरांच्या बागायतदाराला अल्पभूधारकाच्या आडोशाला उभं राहू देण्यात आपल्या साऱ्याच पक्षांचं साटंलोटं आहे. मुंबईत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांचा मालमत्ता कर 2022 मध्ये माफ झाला. तो भार 5,000 चौरस फुटांच्या घरांवर टाकावा असं म्हणायला कुठलाच पक्ष पुढे आला नाही.  पुढच्या निवडणुकांच्या जाहीरनाम्यांतही रकमा असतीलच. प्रत्येक रकमेशेजारी कुठला कर, किती दराने आणि कुणाकडून, एवढा एक रकाना छापायला उमेदवारांना भाग पाडणं मतदारांना जमण्यासारखं आहे.