महापौरपदाची शिडी आणि भिलाईचे दोन मालक

छत्तीसगडमध्ये 2023 साली काँग्रेसची सत्ता गेली, तरी भिलाईनगरची जागा पक्षाने 1,264 मतांनी राखली. विजयी झालेले देवेंद्र यादव पंचविशीतच, 2016 च्या आरंभी, भिलाईचे महापौर झाले होते. पराभूत प्रेमप्रकाश पांडे हे विधानसभेचे माजी अध्यक्ष आणि रमणसिंह सरकारातील मंत्री. यादवांनी त्यांना 2018 मध्येही हरवले होते, आणि तेव्हा ते महापौरपदावर असतानाच आमदार झाले. विद्यार्थी संघटनेतून आलेल्या तरुणाने इतक्या मुरलेल्या नेत्याला दोनदा रोखले, त्यामागे लाटेपेक्षा महापौर म्हणून बांधलेली घरोघरची ओळख अधिक होती, असे मानायला जागा आहे.

ही ओळख पदाच्या रचनेतूनच मिळते. यादव थेट मतदारांकडून निवडून आलेले महापौर होते. भिलाई महापालिकेची हद्द एकाहून अधिक विधानसभा मतदारसंघांत पसरलेली आहे. म्हणजे थेट निवडला जाणारा महापौर आमदारापेक्षा मोठ्या लोकसंख्येपुढे मते मागतो. अशा माणसाला पक्षाने पुढची उमेदवारी नाकारणे अवघड होते. शेजारच्या दुर्गमध्ये भाजपच्या सरोज पांडे याच वाटेने वर गेल्या. 2000 आणि 2005 मध्ये महापौर, 2008 मध्ये भिलाईतील वैशालीनगरच्या आमदार, 2009 मध्ये दुर्गच्या खासदार. काही काळ तिन्ही पदे एकाच वेळी त्यांच्याकडे होती. महाराष्ट्रातील वाचकांना त्या भाजपच्या प्रभारी म्हणून आठवत असतील.

मात्र ही पुंजी शहराबाहेर फारशी चालत नाही. 2024 च्या लोकसभेत काँग्रेसने यादवांना बिलासपूरला, तर भाजपने सरोज पांडेंना कोरब्याला पाठवले. दोघेही हरले. यादवांना हरवणारे तोखन साहू आज केंद्रात गृहनिर्माण व नगरविकास राज्यमंत्री आहेत. माजी महापौराला हरवणाऱ्याकडेच शहरांचे खाते जावे, हा योगायोग गमतीचा आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बलौदाबाजार हिंसाचार प्रकरणी यादवांना अटक झाली. ही कारवाई सूडाची असल्याचे काँग्रेसचे म्हणणे होते. फेब्रुवारी 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना जामीन दिला.

ज्या शिडीने हे नेते चढले, ती शिडी राज्यकर्ते सोयीनुसार काढतात आणि लावतात. महापौर कसा निवडावा हे राज्यघटनेच्या अनुच्छेद 243 आर ने राज्यांवर सोपवले आहे. भूपेश बघेल सरकारने 2019 मध्ये थेट निवड रद्द करून ती नगरसेवकांकडे, तिथल्या भाषेत पार्षदांकडे, दिली आणि त्या वेळी मतदान झालेल्या दहाही महापालिकांत काँग्रेसचे महापौर बसले. विष्णुदेव साय सरकारने थेट निवड परत आणली आणि फेब्रुवारी 2025 मध्ये दहाही महापालिका भाजपकडे गेल्या. पद्धत उलटी झाली तरी फळ दोन्ही वेळा रायपुरातल्या सत्ताधाऱ्यांच्याच पदरात पडले. तेव्हा कोणती पद्धत अधिक लोकशाहीची, हा वाद दोन्ही पक्षांनी किती मनापासून घातला, याविषयी शंका घेता येते. महाराष्ट्राने तरी वेगळे काय केले? नगराध्यक्षांची थेट निवड इथे 2016 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परतली; दर वेळी मंत्रालयात सरकार वेगळे होते.

भिलाईत या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. 1955 च्या सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याने स्वतःची वसाहत वसवली. सेक्टरांमधील क्वार्टर, रस्ते, पाणी आणि वीज यांची व्यवस्था पाहते ती कारखान्याची नगरसेवा यंत्रणा. ती उत्तरदायी आहे सेलच्या व्यवस्थापनाला, म्हणजे अखेरीस दिल्लीच्या पोलाद मंत्रालयाला. सेक्टरातला रहिवासी महापौरासाठी मत देतो, पण नळाला पाणी आले नाही तर त्याला कारखान्याच्या कार्यालयात जावे लागते. खुर्सीपार, कॅम्प, सुपेला या वस्त्यांची भिस्त महापालिकेवर. साहजिकच महापौराचे काम तिथे दिसते, आणि सेक्टरांत त्याच्याकडे उरते ते क्वार्टरांच्या भाडेपट्ट्यासारख्या प्रश्नांवर कारखान्याशी भांडण्याचे. अधिकार नसलेल्या प्रश्नावरचे आंदोलन राजकीय कारकिर्दीला उपकारक असते. त्याचा हिशेब मागितला जात नाही.

या दुहेरी मालकीला एकाही सरकारने हात घातलेला नाही. उलट रिसाली वेगळी काढून आणखी एक महापालिका तयार झाली. दुर्ग, भिलाई, रिसाली या एकमेकींना खेटून असलेल्या तीन शहरांत आता तीन महापौर आहेत आणि मधोमध कारखान्याची वसाहत आहे. जानेवारी 2022 मध्ये भिलाईचा महापौर पार्षदांनी निवडला. आजचा कायदा टिकला, तर पुढचा मतदार निवडतील. सेक्टरांतले पाणी तेव्हाही कारखान्याच्याच हाती असेल.