चंद्रपुरात पिओनीचा हट्ट कशाला?

मोबाइलवर दिसणारी गुलाबी, भरगच्च पिओनी पाहून तिचे कंद मागवण्याचा मोह अनेकांना होतो. ते ऑनलाइन मिळतातही. पण चंद्रपूर-गडचिरोलीच्या अंगणात हे पैसे मातीत जाणार, हे विकणारा सांगत नाही.

पिओनीच्या मुळावरचे डोळे हिवाळ्यात झोपतात. ती झोप मोडायला सुमारे सात अंशांखालची थंडी कित्येक आठवडे लागते. हिमालयात ती मिळते, म्हणून पिओनीची एक जात तिथे रानात उगवते. आपल्याकडे जानेवारीत रात्रीचा पारा दहा-बारा अंशांवर येतो, कधी त्याखालीही जातो. पण दुपारच्या उन्हात रात्रीची कमाई बरीचशी वाया जाते. कुंडीत बर्फ ओता, कंद फ्रिजमध्ये ठेवा, असे उपाय सुचवले जातात. त्याने एखादे फूल येईलही. पुढे काय? फुलानंतर पानांनी काही महिने अन्न तयार करून मुळात साठवायचे असते. मार्चअखेर चाळिशीला टेकणाऱ्या उन्हात ती पानेच करपतात आणि मूळ उपाशी राहते.

जमिनीखाली झोप काढणारी वेल हवीच असेल, तर झाडीपट्टीत कळलावी आहे. तिची झोप थंडीवर नव्हे, कोरडेपणावर चालते. उन्हाळाभर कंद निपचित पडून राहतो, पावसाळ्यात फुटतो आणि पिवळी-तांबडी, ज्वालेसारखी फुले येतात. तामिळनाडूचे हे राज्यफूल. तिथे बियांसाठी तिची शेतीही होते.

मात्र ही शोभेची वेल गरीब नाही. तिच्या सर्व भागांत, कंदात तर विशेष, कोल्चिसिन असते. गाउटच्या दुखण्यावर डॉक्टर हेच औषध मोजून देतात. मात्रा थोडी चुकली तरी ते विष ठरते. बाळंतपणाच्या कळा आणण्यासाठी कंद वापरण्याच्या जुन्या प्रथेवरून तिला हे नाव पडले, असे सांगतात. तो प्रयोग आज कोणीही करू नये. कंद रताळ्यासारखा समजून खाल्ल्याने माणसे दगावली आहेत. तेव्हा लहान मुले, गुरे यांच्या वाटेवर ती लावू नये, कंद हाताळताना हातमोजे घालावेत. कोणाच्या पोटात गेलाच, तर उलटी-जुलाबांची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

आणि कंद जंगलातून खणून आणू नये. बियांपासून फुलायला दोन-तीन पावसाळे लागतात. नव्याने लावलेली पिओनी थंड प्रदेशातही जवळपास तेवढीच वाट पाहायला लावते.