इंद्रियशैथिल्य : लपविलेली तक्रार आणि हृदय

दुकानाचा हिशेब पैशापैशाने तपासणारा गृहस्थ स्वतःच्या शरीरातील एका तक्रारीविषयी मात्र वर्षानुवर्षे मौन बाळगतो. पत्नीविषयी ओढ असते, परंतु इंद्रियास पुरेशी ताठरता येत नाही अथवा आलेली टिकत नाही. थकव्याने वा काळजीने एखाद्या रात्री असे घडले तर तो रोग नव्हे. तीन महिन्यांहून अधिक काळ वारंवार घडू लागले, तर मात्र ते इंद्रियशैथिल्य समजून तपासणी करून घ्यावी. ही तक्रार दुर्मीळही नाही. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात ४० ते ७० वयाच्या पुरुषांच्या पाहणीत ५२ टक्क्यांना ती कमी-अधिक प्रमाणात आढळली होती.

मनात इच्छा जागली की मज्जातंतूंमार्फत संदेश जातो, नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू तयार होतो, त्याने धमन्यांचे स्नायू सैल पडतात आणि इंद्रियात रक्त भरते. रक्तवाहिन्यांत हा वायू संदेशवाहकाचे काम करतो, या शोधाला १९९८ चे वैद्यकातील नोबेल पारितोषिक मिळाले. म्हणजे प्रश्न पौरुषाचा कमी आणि रक्तप्रवाहाचा अधिक. इंद्रियाची धमनी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर रुंद असते, हृदयाची तीन ते चार. मधुमेह, उच्च रक्तदाब आणि कोलेस्टेरॉल यांनी धमन्यांचे अस्तर बिघडू लागले की बारीक धमनी आधी कुरकुरते. म्हणूनच कित्येक पुरुषांत ही तक्रार छातीतील दुखण्याच्या दोन ते पाच वर्षे आधी दिसते. ज्या लक्षणाची लाज वाटते, तेच हृदयरोगाची आगाऊ सूचना असू शकते.

पंचावन्न वर्षांच्या एखाद्या कापड व्यापाऱ्याची दिनचर्या डोळ्यांपुढे आणावी. सकाळी नऊ ते रात्री नऊ गादीवर बैठक, पोट सुटलेले, दुपारी फरसाण, रक्तातील साखर दोन वर्षांत तपासलेली नाही. घरात मद्याचा थेंब शिरत नाही याचा अभिमान योग्यच. पण गल्ल्याशेजारी तंबाखूची डबी असतेच, आणि तंबाखू या धमन्यांची वैरीण आहे. असा गृहस्थ ओळखीच्या डॉक्टरांना टाळतो, कारण ते वडिलांनाही ओळखतात. तो परगावच्या मेडिकलमधून गोळी आणतो किंवा जाहिरातीतील ‘शक्तिवर्धक’ पुडी मागवतो. ‘संपूर्ण वनौषधी’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अशा उत्पादनांत सिल्डेनाफिल हेच औषध गुपचूप मिसळलेले अनेकदा आढळले आहे. घेणाऱ्यास ना औषध ठाऊक, ना मात्रा.

सिल्डेनाफिलचा जन्मही हृदयरोगाच्या संशोधनातच झाला. इंग्लंडमध्ये फायझर कंपनी ते हृदयशूळावर तपासत होती. त्यासाठी ते फारसे उपयोगी पडले नाही, पण स्वयंसेवकांत निराळाच परिणाम दिसला. १९९८ साली अमेरिकेत त्याला या विकारासाठी मान्यता मिळाली. योग्य रुग्णास ते बहुधा सुरक्षित असते. भारतात मात्र ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच मिळावे असा नियम आहे, आणि त्याला कारण आहे. हृदयरुग्ण जिभेखाली ठेवतात ती सॉर्बिट्रेटसारखी नायट्रेट गोळी आणि हे औषध एकत्र आले, तर रक्तदाब जीवघेणा खाली येऊ शकतो. प्रोस्टेटसाठी काही गोळ्या चालू असतील तर तेही डॉक्टरांना आधी सांगावे लागते.

डॉक्टरांकडे प्रथम साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि आवश्यक तर सकाळच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन पाहिले जाते. रक्तदाबाच्या अथवा नैराश्याच्या काही गोळ्यांनीही शैथिल्य येते. त्या बदलता येतात, परस्पर बंद करावयाच्या नसतात. पहाटे ताठरता येत असेल आणि ऐनवेळी येत नसेल, तर कारण बहुधा मनात असते. नवविवाहित तरुणांत हे अधिक दिसते. भरल्या एकत्र कुटुंबात नवदांपत्याला एकांत किती मिळतो आणि ‘गोड बातमी’ची विचारणा किती होते, याचा विचार वडीलधाऱ्यांनीही करावा. अशा वेळी गोळीपेक्षा समुपदेशन अधिक उपयोगी पडते.

चौविहार पाळणाऱ्यांस गोळीच्या वेळेची अडचण येते. सिल्डेनाफिल तासभर आधी घ्यावयाचे असते, परिणाम चार-पाच तासांचा, आणि तुपकट जेवणानंतर ते उशिरा लागू पडते. टाडालाफिलचा परिणाम मात्र ३६ तासांपर्यंत राहतो व जेवणाने तो बदलत नाही. ते सूर्यास्तापूर्वी पाण्यासोबत घेता येते. डॉक्टरांना व्रत आधीच सांगितले तर ते तशी निवड करू शकतात. गोळी कोणतीही असो, मनात इच्छा नसेल तर ती काही करीत नाही. गोळ्यांचा उपयोग न झाल्यास निर्वात पंप, इंद्रियात घ्यावयाचे इंजेक्शन आणि शेवटी शस्त्रक्रियेने बसविलेले कृत्रिम साधन असे मार्ग आहेत. ताठरता चार तासांहून अधिक राहिली, तर त्याच रात्री रुग्णालय गाठावे लागते.

गोळी सुरू झाल्याचे पत्नीस ठाऊक असणे अत्यावश्यक आहे. सिल्डेनाफिलनंतर २४ तास आणि टाडालाफिलनंतर ४८ तास नायट्रेट देता येत नाही. रात्री छातीत कळ आली आणि पती बोलण्याच्या स्थितीत नसला, तर रुग्णवाहिकेतील डॉक्टरांना हे सांगू शकणारी व्यक्ती घरात तीच असते.