पलंग सागवानी, बिल अर्धं-अर्धं!

नवं लग्न, नवा फ्लॅट... आणि बेडरूममध्ये काय? लोखंडी कॉट, ट्यूबलाइटचा पांढराफटक उजेड आणि कोपऱ्यात आहेराचे न उघडलेले खोके! रात्री नऊला ऑफिसमधून दमून आल्यावर रोमान्स सुचणार कुठून?

मग स्वप्न पडतं कोरीव सागवानी पलंगाचं. या स्वप्नाचं माहेर म्हणजे आपली झाडीपट्टी. प्रतापगडला कधी गेलायत? साताऱ्याचं नव्हे हो, गोंदिया जिल्ह्यातलं, अर्जुनी मोरगाव तालुक्यातलं! इथे महाशिवरात्रीला महादेवाची यात्रा भरते आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनींचा दर्गाही इथेच आहे. तिथून पार गडचिरोलीपर्यंत सागाचा मुलूख. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिरासाठी सागवान गेलं, तेही शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या बल्लारपूरहून.

पण या मुलखात पलंगाला एक जुनी गाठ आहे : आंदण. पलंग, गादी, कपाट द्यायचं मुलीकडच्यांनी. वडील गावच्या सुताराला ऑर्डर देतात आणि पुढे दोन वर्षं हप्ते फेडतात. ‘आम्ही काही मागितलं नाही, पण रीत आहे ना!’ ही रीतच खरी मागणी. हुंडा मागणं १९६१ पासून गुन्हा आहे, मग तो पलंगाच्या रूपात का असेना. तेव्हा पहिला नियम : पलंग दोघांच्या पगारातून. बजेट कमी पडतंय? मग आख्खा पलंग नकोच, फक्त डोक्याकडची फळी कोरीव घ्या. बाकी सगळं साधं. दहा बाय अकराच्या खोलीत चारही बाजूंनी नक्षी केली, तर बेडरूमचा दरबार होतो!

खरेदीला गेलात की फळी उलटून बघा. अस्सल लाकडाच्या रेषा नक्षीतून वळणं घेत आरपार जातात. मागची बाजू गुळगुळीत, एकसारखी भुशाची दिसली, तर ते एमडीएफवर मशीनने कोरलेलं काम. ते वाईट नाही, पण सागवानाचा भाव देऊ नका. लाकूड पुरतं वाळलंय का, हेही विचारा. ओलं लाकूड वैशाखात तडकतं. पक्की पावती मागायला लाजू नका, जंगलातून चोरून आलेल्या लाकडावर कसली गोड झोप? आणि हो, पलंग स्क्रूने सुटा होणारा घ्या. भाड्याचं घर बदलताना लिफ्ट तुमच्या भावनांचा विचार करत नाही!

आता उजेड. ट्यूबलाइट बंद! पिवळसर दिवा एका बाजूला, जरा खाली ठेवा. समोरून प्रकाश पडला की नक्षी सपाट दिसते, बाजूने पडला की प्रत्येक पानाला सावली मिळते. चादर एकरंगी, सुती. बाजूच्या टेबलावर लहानपणीचा तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल ठेवा. त्याच्यावरून निघालेल्या गप्पा मोबाइलपेक्षा नक्कीच रंगतील.

पावसाळ्यात पलंग भिंतीपासून चार बोटं लांब ठेवा, ओल लागणार नाही. नक्षीतली धूळ रंगकामाच्या मऊ, कोरड्या ब्रशने काढा. दर रविवारी आळीपाळीने, कारण पलंग अर्धा-अर्धा, तर धूळही अर्धी-अर्धी!