धीर देणाऱ्यांचा पैरा

दर वर्षी ११ जूनला ख्रिस्तसभा संत बर्णबाचा सण पाळते. आपल्याकडे हा दिवस मृगात येतो. कुणाची धूळवाफेवरची पेरणी नुकतीच झालेली असते, कुणी तरवा टाकण्याच्या घाईत असतो, तर कुणी आभाळाकडे डोळे लावून बसलेला असतो. या धांदलीत बर्णबाची आठवण फारशी कुणाला होत नाही. वास्तविक शेतकऱ्यांनी ज्याला आपला म्हणावे असा हा संत आहे, असे आम्हांला वाटते.

त्याचे मूळ नाव योसेफ. तो कुप्र बेटावरचा लेवी. लोकांना धीर देण्याचा त्याचा स्वभाव पाहून प्रेषितांनी त्याला बर्णबा हे नाव दिले. त्याने आपले शेत विकले आणि आलेले पैसे प्रेषितांच्या पायांशी आणून ठेवले, असे 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकाच्या ४ थ्या अध्यायात लिहिले आहे. शेत विकताना माणसाच्या जिवाचे काय होते, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. तरीही त्याची खरी थोरवी पुढेच दिसते. ख्रिस्ती लोकांचा छळ करणारा शौल येशूचा शिष्य झाला, तेव्हा यरुशलेमात त्याच्यावर कुणी विश्वास ठेवीना. सगळे त्याला भ्याले. त्या वेळी बर्णबानेच त्याला प्रेषितांकडे नेले व त्याच्या वतीने शब्द टाकला. पुढे अंत्युखियातील मंडळी वाढू लागली, तेव्हा तो तार्सास जाऊन शौलाला शोधून घेऊन आला. दोघांनी वर्षभर तेथे शिकवण दिली, आणि शिष्यांना 'ख्रिस्ती' हे नाव प्रथम त्याच गावी मिळाले. तरुण मार्क एका प्रवासात अर्ध्या वाटेवरून परत गेला होता. पौल त्याला पुन्हा बरोबर घ्यायला तयार नव्हता. बर्णबा मात्र त्याला घेऊन कुप्रास गेला. पुढे पौलानेच आपल्या पत्रात मार्काला बोलावून घेतले, आणि दुसरे शुभवर्तमान त्याच मार्काच्या नावे आपण ऐकतो.

१५ व्या अध्यायानंतर मात्र या पुस्तकात बर्णबाचे नाव पुन्हा येत नाही. धीर देणाऱ्या माणसांचे बहुधा असेच होते. ज्यांना त्यांनी उभे केले त्यांची कामे दिसतात आणि हे मागे राहतात.

आपल्या धर्मग्रामांतही हेच चालते. घंटेसाठी, बाकांसाठी, छपरासाठी ज्यांनी देणगी दिली त्यांची नावे आपण फरशीवर कोरतो. ते योग्यच आहे. पण पडत्या माणसाच्या घरी संध्याकाळी जाऊन बसणाऱ्याचे नाव कुठे लिहिले जात नाही, आणि पुष्कळदा कुणी तोंडानेही घेत नाही. हे काम लहान समजू नये. त्यावर किती अवलंबून असते, ते शेतात व आजारपणात नीट दिसते.

आधी शेताचे पाहू. मादागास्कर बेटावर काम करणारे फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरू हेन्री द लोलानिये यांनी १९८३ च्या सुमारास तेथील शेतकऱ्यांबरोबर भात लावण्याची एक पद्धत बसवली. तिला आपल्याकडे 'श्री' पद्धत म्हणतात. त्यात ८ ते १५ दिवसांचे कोवळे रोप घेतात, एका ठिकाणी एकच रोप लावतात, दोन रोपांत सुमारे २५ सेंटिमीटर अंतर ठेवतात आणि पाणी तुंबवून न ठेवता जमीन नुसती ओली राखतात. बियाणे फार कमी लागते. परंतु लावणीनंतर पहिले तीन-चार आठवडे ते शेत उघडेबोडके दिसते. येणारे-जाणारे हसतात, घरची म्हातारी माणसे रागावतात. त्या दिवसांत बांधावर उभा राहून "फुटवे येऊ देत, घाई करू नको, कोळपणीला मी येतो," असे म्हणणारा एक शेजारी नसेल, तर पहिल्यांदा करणारा माणूस पुढच्या साली ते करणार नाही.

आजारपणात तर प्रश्न जिवाचा असतो. साध्या क्षयरोगाचा उपचार ६ महिन्यांचा असतो व सरकारी दवाखान्यात औषध फुकट मिळते. महिना-दोन महिन्यांत ताप जातो, खोकला कमी होतो, अंगावर मांस येते, आणि आपण बरे झालो असे रोग्याला वाटू लागते. गोळ्यांनी मळमळते, मजुरीचे दिवस बुडतात, म्हणून तो औषध सोडतो. अंगात उरलेले जंतू मग पुन्हा जोर करतात, आणि कधी नेहमीच्या औषधांना दाद देईनासे होतात. अशा वेळी रोज विचारपूस करणारी आशाताई, शेजारीण किंवा सिस्टर यांचे दोन शब्द औषधाइतकेच कामाला येतात. रोग्याच्या खुराकासाठी सरकार २०१८ पासून दरमहा ५०० रुपये देत असे. नोव्हेंबर २०२४ पासून ही रक्कम १००० रुपये झाली. या पैशांसाठी कागद करून देणारी व बँकेपर्यंत सोबत जाणारी माणसेही धीर देणारीच होत.

तिसरी गोष्ट मनाची. पीक गेले, सोसायटीचे कर्ज थकले, मुलीचे लग्न तोंडावर आले, की माणूस अबोल होतो. मिस्साला यायचे टाळतो, जेवण टाकतो, झोपत नाही. अशाला उपदेशाची गरज नसते. त्याच्याजवळ बसून ऐकून घेणारा माणूस हवा असतो. जिवाचे बरेवाईट करण्याची भाषा त्याच्या तोंडी आली, तर त्याला एकटे सोडू नये, घरातली कीटकनाशके कुलपात ठेवावीत व त्याला डॉक्टरकडे न्यावे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फुकट बोलता येते. हे जाणून वेळेवर धावणारी माणसे ज्या गावात आहेत, ते गाव भाग्यवान म्हटले पाहिजे.

येथे एक खुलासा केला पाहिजे. धीर देणे म्हणजे तोंडदेखली स्तुती नव्हे. शेजाऱ्याचे घरचे बी जुने झाले आहे हे ठाऊक असून "पेर, पेर, छान येईल," असे म्हणणारा त्याचे नुकसानच करतो. खरा धीर देणारा म्हणतो, "शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेव, किती उगवतात ते मोज, कमी उगवले तर माझ्याकडचे बी ने." बर्णबानेही शौलाची नुसती वाहवा केली नाही, आपला शब्द पणाला लावला.

काही वाचक म्हणतील, दान उजव्या हाताने करावे ते डाव्याला कळू नये अशी प्रभूची शिकवण आहे, मग या माणसांचा गाजावाजा कशाला? आमचे म्हणणे असे की, ती शिकवण देणाऱ्यासाठी आहे. घेणाऱ्याने गप्प बसावे, असे प्रभूने सांगितलेले नाही. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला, तेव्हा बाकीचे नऊ कुठे आहेत, असे त्याने विचारलेच. संत पौलाने तर रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी, प्रिस्का, अक्विला अशी एकेकाची नावे घेऊन त्यांच्या कामाची आठवण ठेवली आहे. करिंथकरांना त्याने स्तेफनासारख्या, मनाला विसावा देणाऱ्या माणसांची कदर करण्यास सांगितले.

आणि ही माणसेही थकतात, हे आपण विसरतो. दुसऱ्याच्या घरी धीर देऊन आलेली बाई आपल्या घरी चुलीपुढे एकटीच बसलेली असते. तिला कसे आहे, हे कुणी विचारीत नाही, कारण ती खंबीर आहे असे सर्वांनी धरून चाललेले असते.

आपल्याकडे लावणीला पैरा करतात. तुम्ही आमच्या शेतात एक दिवस आलात, तर आम्ही तुमच्या शेतात एक दिवस येतो. हा पैरा बुडवणाऱ्याला गावात मान राहत नाही. धीराचा पैराही असाच फेडायला हवा. ज्याने आपल्याला पडत्या काळात सावरले, त्याच्या घरी जाऊन नेमके काय केले ते नाव घेऊन सांगावे. "तुम्ही त्या रात्री दवाखान्यात बसलात, म्हणून माझा मुलगा आज शाळेत जातो," असे साधे वाक्य पुरे. जी बाई रोग्यांना घेऊन तालुक्याच्या दवाखान्यात जाते, तिच्या लावणीचा एक दिवस शेजारणींनी मिळून उरकून द्यावा. तिच्या एस. टी. भाड्याची सोय धर्मग्रामाच्या गरीब फंडातून व्हावी. काही ठिकाणी ८ सप्टेंबरला, पवित्र मरियेच्या जन्मदिनी, नव्या कणसांना आशीर्वाद देतात. त्या मिस्साच्या प्रार्थनांत धीर देणाऱ्यांसाठीही एक प्रार्थना असावी, आणि आशीर्वादाची एक लोंबी त्यांच्या घरी आपण स्वतः नेऊन द्यावी.

यांतल्या बहुतेक कामांना पैसा लागत नाही, समितीचा ठरावही लागत नाही. आज मिस्साहून घरी जाताना कुणाचा पैरा राहिला आहे, ते प्रत्येकाने आठवून पाहावे. वाटेत त्यांचे घर लागत असेल, तर आधी तेथे थांबून मग पुढे जावे.